काट्यावरचा माणूस कोणी नेमावा?

अहमदनगर जिल्ह्याने, ज्याला आता शासनदप्तरी अहिल्यानगर म्हटले जाते, २०२४ या एका वर्षात दोन निवडणुका पाहिल्या आणि दोन्ही वेळा एकच तक्रार ऐकली. तक्रार करणारी तोंडे तेवढी बदलली. जूनमध्ये लोकसभेच्या निकालात नीलेश लंके यांनी भारतीय जनता पक्षाचे सुजय विखे पाटील यांचा सुमारे २९ हजार मतांनी पराभव केला, तेव्हा ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांची तपासणी व्हावी असा अर्ज विखे पाटलांनी केला. त्या वेळी विरोधी बाकांकडील मंडळी हसली. त्यांत आपलेही काही कार्यकर्ते होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या निकालात जिल्ह्यातील १२ पैकी १० जागा महायुतीकडे गेल्या, १९८५ पासून संगमनेर राखणारे बाळासाहेब थोरात पराभूत झाले, आणि यंत्रांवर व मतदारयाद्यांवर संशय घेण्याची पाळी विरोधकांवर आली. आता हसणारे दुसरे होते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये राहुल गांधींनी शिर्डीतील एका इमारतीत सुमारे सात हजार नवे मतदार नोंदले गेल्याचा आरोप थेट लोकसभेत केला. निवडणूक यंत्रणेने तो मान्य केला नाही.

या तक्रारींत तथ्य किती, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तो निवाडा कागदपत्रे पाहूनच व्हावयास हवा. परंतु जो हरतो तो पंचावर रागावतो, एवढाच या सगळ्याचा अर्थ, असे जे चहाच्या टपरीवर म्हटले जाते, तेही मला मान्य नाही. हरलेला मनुष्य पंचावर रागावला तरी प्रेक्षकांनी त्याचे ऐकू नये, अशी पंचाची पत असावी लागते. ती पत का उरली नाही, हा खरा प्रश्न आहे.

मी ऊसपट्ट्यात वाढलो. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीवर बसून कारखान्यावर जात असे. गाडीत किती मोळ्या आहेत, त्यावरून वडील वजनाचा अंदाज मनाशी बांधत आणि तो सहसा चुकत नसे. एकदा पावतीवरचा आकडा त्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. वडिलांनी गाडी पुन्हा काट्यावर घेण्याची विनंती केली. काट्यावरचा कारकून म्हणाला, “पाटील, काट्याला सरकारी शिक्का आहे.” वडील म्हणाले, “शिक्का सरकारचा आहे, पण माणूस कारखान्याचा आहे.” मागे गाड्यांची रांग लागली होती. गाडी पुन्हा काट्यावर गेली नाही.

त्या दिवशी खरोखरच काटा मारला गेला होता की वडिलांचा अंदाज चुकला होता, हे मला आजही ठाऊक नाही. वडिलांनाही ते अखेरपर्यंत कळले नाही. शेतकऱ्याची तक्रार नेमकी हीच असते. वजन खोटे होते असे तो सिद्ध करू शकत नाही, आणि खरे होते असा विश्वास त्याला कोणी देत नाही. ज्याला उसाचे पैसे द्यावयाचे आहेत त्यानेच तोलणारा नेमला, तर तोलणारा हरिश्चंद्र असला तरी संशय संपत नाही.

‘राष्ट्रपती नेमतात’ याचा अर्थ

आपल्या राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमानुसार मुख्य निवडणूक आयुक्त व अन्य आयुक्त यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. वाचावयास हे भारदस्त वाटते. परंतु राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे शाळेतील मुलांनाही शिकवले जाते. तेव्हा ‘राष्ट्रपती नेमतात’ याचा सरळ मराठीत अर्थ ‘पंतप्रधान नेमतात’ असाच होतो. जो पक्ष पुढील निवडणुकीत स्वतः उमेदवार उभे करणार आहे, त्याचाच नेता तोलणारा नेमतो. शिक्का राष्ट्रपतींचा, माणूस सरकारचा.

ही खोट घटनाकारांच्या ध्यानात आली नव्हती असे समजण्याचे कारण नाही. जून १९४९ मध्ये घटनासमितीत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा उत्तर प्रदेशातील शिब्बनलाल सक्सेना यांनी अशी दुरुस्ती सुचवली की, आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन-तृतीयांश बहुमताची मान्यता असावी. डॉ. आंबेडकरांनी त्यांची शंका झटकून टाकली नाही. सरकारच्या मुठीतील किंवा नालायक मनुष्य या पदावर येण्यास घटनेत काहीच अडसर नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि या प्रश्नाने आपली डोकेदुखी झाल्याचेही सांगितले. अखेर नेमणुकीची पद्धत संसदेने कायद्याने ठरवावी, अशी वाट कलमात मोकळी ठेवण्यात आली. ती वाट १९५० पासून २०२३ पर्यंत कोणत्याही सरकारने चोखाळली नाही. या ७३ वर्षांत सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाचा या पापात वाटा आहे.

आपलाही हिशेब

प्रत्येक पक्षाचा म्हणताना मी आपल्या परंपरेला वगळत नाही. दुसऱ्याच्या हिशेबवहीत चुका काढणाऱ्याने आधी स्वतःची वही उघडावी.

जयप्रकाशजींच्या पुढाकाराने नेमलेल्या तारकुंडे समितीने १९७५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आणीबाणीच्या चार महिने आधी, निःसंदिग्ध शिफारस केली होती की, निवडणूक आयोगाची नेमणूक पंतप्रधान, विरोधी पक्षाचा नेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. दोन वर्षांनी जनता पक्ष सत्तेवर आला. जयप्रकाशांचे नाव घेऊन निवडून आलेले, तुरुंग पाहिलेले लोक मंत्री झाले. त्यांनी ४४ वी घटनादुरुस्ती करून आणीबाणीची नखे काढली, याचे श्रेय त्यांना द्यावयासच हवे. परंतु नेमणुकीची पद्धत जशीच्या तशी राहिली. सत्ता आपल्या हाती असताना काटा आपलाच असावा, हा मोह आपल्या माणसांनाही आवरला नाही.

पुढे १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने दिनेश गोस्वामी समिती नेमली. याच नगरात जन्मलेले मधु दंडवते त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. समितीने सरन्यायाधीश व विरोधी पक्षनेता यांच्याशी विचारविनिमय करून मुख्य आयुक्त नेमावा, अशी शिफारस केली. घटनादुरुस्तीचे विधेयकही राज्यसभेत मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. सरकारच वर्ष पुरे करू शकले नाही. मात्र त्याच सरकारने जानेवारी १९९० मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने निवडणुकीच्या तोंडावर नेमलेल्या दोन आयुक्तांची पदे एका फटकाऱ्यात रद्द केली होती. त्या नेमणुका हेतुपुरस्सर होत्या, असे आपण तेव्हा म्हणत होतो. कदाचित त्या तशा असतीलही. परंतु ज्या आयोगात सरकारला मनास येईल तेव्हा माणसे भरता येतात आणि मनास येईल तेव्हा काढता येतात, तो आयोग स्वतंत्र कसा, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही.

काँग्रेसचा हिशेब याहून मोठा आहे. टी. एन. शेषन जड जाऊ लागले तेव्हा नरसिंह राव सरकारने १ ऑक्टोबर १९९३ रोजी दोन आयुक्त त्यांच्या शेजारी आणून बसवले. बहुसदस्य आयोग हे तत्त्व म्हणून वाईट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती व्यवस्था वैध ठरवली. परंतु तत्त्व आठवण्याची वेळ पाहिली की हेतू कळतो. नवीन चावला यांचे उदाहरण तर आपल्या जिव्हारी लागणारे आहे. आणीबाणीत दिल्लीच्या उपराज्यपालांचे सचिव असताना त्यांच्या वर्तनावर शहा आयोगाने कठोर ताशेरे ओढले होते. तेच गृहस्थ २००५ मध्ये निवडणूक आयुक्त झाले. तत्कालीन मुख्य आयुक्त गोपालस्वामी यांनी २००९ च्या आरंभी त्यांना दूर करण्याची शिफारस केली; सरकारने ती नाकारली आणि एप्रिलमध्ये चावला मुख्य आयुक्त झाले.

आज काँग्रेस ज्या मुद्द्यावर सभात्याग करते, त्याच मुद्द्यावर तेव्हा भाजप राष्ट्रपतींकडे निवेदने घेऊन जात होता. २०१२ मध्ये लालकृष्ण आडवाणी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना पत्र लिहून मागणी केली की, आयुक्तांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश, कायदामंत्री व दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेते अशा पाच जणांच्या समितीने करावी. मनमोहन सिंग सरकारने ते केले नाही. दोन वर्षांनी आडवाणींचाच पक्ष पूर्ण बहुमताने सत्तेवर आला. त्यानेही ते केले नाही. विरोधात असताना जे पटते ते सत्तेत गेल्यावर पटत नाही, हा या देशातील एकमेव सर्वपक्षीय कार्यक्रम म्हणावा लागेल.

दोनास एक

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी अरुण गोयल यांनी सनदी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ते निवडणूक आयुक्त म्हणून नेमले गेले. सर्वसामान्य माणसाला सात-बारावरचे नाव दुरुस्त करून घेण्यास महिनोन्‌महिने लागतात, त्या देशातील ही कार्यक्षमता पाहून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठालाही नवल वाटले. २ मार्च २०२३ रोजी त्या पीठाने निर्णय दिला की, संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता व सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका व्हाव्यात. तारकुंडे समितीची शिफारस अशा रीतीने ४८ वर्षांनी न्यायालयाच्या मुखातून आली.

सरकारने मग कायदा मात्र तातडीने केला. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून विरोधी पक्षांचे १४६ सदस्य निलंबित असताना तो लोकसभेत संमत झाला. त्यातील निवड समितीत पंतप्रधान आहेत, विरोधी पक्षनेता आहे, आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनीच नामनिर्देशित केलेला एक केंद्रीय मंत्री आहे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. या समितीचे गणित करण्यास मात्र अर्थशास्त्र लागत नाही, अंकगणित पुरे. पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातील मंत्री पंतप्रधानांविरुद्ध मत देईल, ही शक्यता शून्य. म्हणजे तीन मतांपैकी दोन मते एकाच माणसाची. विरोधी पक्षनेता बैठकीला आला काय, न आला काय, निर्णय तोच. समितीतील एखादी जागा रिकामी असल्याच्या कारणावरून नेमणूक अवैध ठरणार नाही, अशीही सोय कायद्यात आहे. कायदामंत्र्यांच्या शोध समितीने पाच नावे निवडावयाची. पण निवड समितीने त्या पाचांबाहेरचा मनुष्य नेमण्यास हरकत नाही. मग शोध कशाचा आणि निवड कशाची?

या कायद्याची पहिली बैठक १४ मार्च २०२४ रोजी झाली. लोकसभेतील काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी यांनी बाहेर येऊन सांगितले की, आदल्या रात्री त्यांना २१२ नावांची यादी मिळाली आणि निवडक सहा नावे बैठकीच्या काही मिनिटे आधी हाती पडली. त्यांनी असहमती नोंदवली, नेमणुका झाल्या. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी ज्ञानेश कुमार यांना मुख्य आयुक्त नेमताना राहुल गांधींनीही असहमती नोंदवली; नेमणूक त्याच दिवशी झाली. कायद्याला दिलेल्या आव्हानाची सुनावणी दोन दिवसांवर आली असताना हे घडले. असहमतीची ही नोंद कुणाच्याही हातातील लेखणी थांबवू शकत नाही. पावतीवर ‘वजन मान्य नाही’ असे लिहून तीच पावती खिशात घालावी, तसे हे आहे.

येथेही काँग्रेसने फार निरागसतेचा आव आणू नये. हे ‘दोनास एक’ भाजपने २०२३ मध्ये शोधून काढले नाही. केंद्रीय दक्षता आयुक्तांसाठी पंतप्रधान, गृहमंत्री व विरोधी पक्षनेता ही समिती वाजपेयींच्या काळातील २००३ च्या कायद्यात आली. सप्टेंबर २०१० मध्ये सुषमा स्वराज यांची लेखी हरकत डावलून पी. जे. थॉमस यांना त्या पदावर बसवले ते मनमोहन सिंग सरकारने. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. ज्या माहिती अधिकाराच्या लढ्याने पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव देशभर गेले, त्या २००५ च्या कायद्यातील केंद्रीय माहिती आयोगाची निवड समितीही हुबेहूब हीच आहे: पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक मंत्री. तो कायदा काँग्रेस आघाडीच्या राज्यात झाला. एकाने खड्डा खणला, दुसऱ्याने रुंद केला, आणि आता त्यात कोण पडले यावर भांडण चालू आहे.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, शेषनही जुन्याच पद्धतीने नेमले गेले होते. डिसेंबर १९९० मध्ये चंद्रशेखर सरकारने त्यांना नेमले, तरी त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला. तेव्हा पद्धतीला काय महत्त्व? माणूस खमक्या हवा. यावर माझे उत्तर असे की, बियाणे न तपासता पेरूनही एखाद्या वर्षी पीक जोमदार येते. म्हणून कोणी बियाणे तपासणे सोडत नाही. खमका माणूस मिळणे हा योगायोग आहे आणि योगायोगावर संस्था उभ्या राहत नाहीत. शिवाय शेषन १९९९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर आडवाणींविरुद्ध गांधीनगरात उभे राहिले, आणि त्यांच्यानंतरचे मुख्य आयुक्त एम. एस. गिल काँग्रेसचे राज्यसभा सदस्य व पुढे केंद्रीय मंत्री झाले. या दोघांनी पदावर असताना पक्षपात केला, असे मी म्हणत नाही. परंतु निवृत्तीनंतर खेळाडूंच्या तंबूत जागा मिळू शकते हे माहीत असणारा पंच आणि ती कधीच मिळणार नाही हे माहीत असणारा पंच, यांत फरक पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकार लोकांनी निवडलेले आहे. न्यायाधीश लोकांनी निवडलेले नाहीत. मग नेमणुकीत सरन्यायाधीश कशासाठी? लोकशाही मानणाऱ्या कार्यकर्त्याने हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. सरन्यायाधीश समितीत आले की सर्व रोग बरे होतील, असे मीही मानत नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या संचालकाची निवड करणाऱ्या समितीत सरन्यायाधीश असतात. म्हणून तो विभाग सरकारच्या दडपणापासून मुक्त झाला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. उलट दोन्ही पक्षांनी जागा निम्म्या-निम्म्या वाटून घ्याव्यात, हाही उपाय नव्हे. अमेरिकेत वॉटरगेटनंतर जो संघीय निवडणूक आयोग स्थापन झाला, त्यात सहा सदस्यांपैकी एका पक्षाचे तीनच असू शकतात आणि निर्णयाला चार मते लागतात. परिणामी महत्त्वाच्या प्रश्नांवर तो आयोग वारंवार तीन विरुद्ध तीन असा अडतो. २०१९ मध्ये तर गणसंख्येअभावी त्याचे काम महिनोन्‌महिने ठप्प झाले. पंच निःपक्ष हवा. दोन्ही पक्षांचे दोन पंच मिळून निःपक्षपात होत नाही.

मुद्दा सरन्यायाधीशांच्या खुर्चीचा नाही. एकाच पक्षाच्या मतांवर नेमणूक होता कामा नये, हा मुद्दा आहे. निवडून आलेल्या सरकारला राज्य करण्याचा अधिकार आहे. पुढची निवडणूक कोण मोजणार हे एकट्याने ठरवण्याचा नाही. कारण त्या निवडणुकीत ते सरकार नसते, उमेदवार असते.

निःपक्ष पंचाने दिलेला कडू निर्णयही लोक पचवतात, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याला आहे. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीविरुद्ध बाळासाहेब विखे पाटील न्यायालयात गेले. विजयी झालेले यशवंतराव गडाख सत्ताधारी काँग्रेसचे होते. तरीही १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्दच ठरवली. जिल्ह्यात त्या निकालावर महिनोन्‌महिने वाद झडले. परंतु न्यायाधीश कोणाचा माणूस, असे त्या वेळी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आज त्याच जिल्ह्यात आयोगाविषयी पहिला प्रश्न तोच विचारला जातो. तीस वर्षांत आपण काय गमावले, ते या एका फरकावरून कळावे.

कार्यकर्त्यांनी काय मागावे

आपल्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. एक, निवड समितीत सरकारी मतांचे बहुमत असू नये आणि विरोधी पक्षनेत्याच्या संमतीवाचून किंवा संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमतावाचून नेमणूक होऊ नये. सक्सेनांची दुरुस्ती आजही शिळी झालेली नाही. दोन, विचाराधीन नावे व निवडीची कारणे नेमणुकीपूर्वी पुरेसा अवधी ठेवून प्रसिद्ध व्हावीत. तीन, मुख्य आयुक्ताला पदावरून दूर करण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच कठीण प्रक्रिया आहे. अन्य आयुक्तांना ते संरक्षण नाही, ते मिळावे. चार, निवृत्तीनंतर कोणत्याही आयुक्ताला सरकारी पद वा पक्षाची उमेदवारी घेता येऊ नये. पाच, महालेखापाल व लोकसेवा आयोग यांचा खर्च संचित निधीवर भारित असतो, म्हणजे त्यावर सभागृहात मतदान होत नाही. निवडणूक आयोगाचाही तसाच असावा. ज्याच्या हाती पैशाची दोरी, त्याच्या हाती संस्थेची मान, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि सहावी गोष्ट मागणी नव्हे, पथ्य आहे. आपण विरोधात आहोत म्हणून या मागण्या करू नयेत. उद्या आपले मित्र सत्तेवर आले तर पहिल्या अधिवेशनात हा कायदा बदलू, असे लेखी वचन प्रत्येक मित्रपक्षाकडून आजच घ्यावे. १९७७ साली ते घेतले नाही, त्याचे फळ आपण भोगत आहोत. यंत्रात बिघाड होता की नाही, यादीत नावे घुसवली की नाही, यावर गावोगाव वाद घालताना आपला कार्यकर्ता प्रतिपक्षाच्या कार्यकर्त्याला एवढेच विचारू शकला पाहिजे: “जूनमध्ये तुमचा संशय होता, नोव्हेंबरमध्ये आमचा. दोघांनाही पटेल असा तोलणारा नेमावा, हे तुला मान्य आहे की नाही?” माझा अनुभव असा आहे की पारावर बसलेला सामान्य माणूस, मग तो कोणत्याही झेंड्याखालचा असो, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हणणारे वर बसले आहेत.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद आणि आपले आचार्य नरेंद्र देव स्थानबद्ध होते. ज्या मताधिकारासाठी त्यांनी ती वर्षे भिंतीआड काढली, तो शेतमजूर बाईला आणि कारखान्याच्या अध्यक्षाला सारखाच मिळाला. या देशात दोघांच्या वाट्याला सारखी आलेली दुसरी मालमत्ता मला तरी दिसत नाही. अध्यक्षाचे मत मोजण्यात चूक झाली तर त्याच्याजवळ वकील आहे, वर्तमानपत्र आहे, दिल्लीचा रस्ता आहे. त्या बाईजवळ दुसरे काहीच नाही. तिच्या वतीने काट्याजवळ उभे राहणे हे आपले काम आहे, आणि मागे कितीही गाड्यांची रांग लागली तरी तेथून हलता कामा नये.